नानांना न आवडलेलं जंगल

आमचे नाना अमेरिकेहून परतले तेव्हा दुकानात येणारा प्रत्येक जण विचारायचा, "काय काय पाह्यलं?" नानांचं उत्तर ठरलेलं. "एक जंगल पाह्यलं. सगळं कळकेल." ज्या घरात तीन पिढ्या तांब्या-पितळेची भांडी घडली आणि विकली गेली, तिथे याहून वाईट शेरा नाही. कल्हई उडालेल्या पातेल्यात ताक राहिलं की ते कळकतं. घागरीच्या बुडाशी हिरवट थर दिसला की चिंच-मीठ घेऊन बसायचं, हे सोनगीरमध्ये लहान पोरालाही सांगावं लागत नाही.

जंगल होतं होह नदीचं. अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यात, वॉशिंग्टन राज्यात, ऑलिम्पिक राष्ट्रीय उद्यानाच्या पश्चिम अंगाला. वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, बारा महिने थंड दमट हवा, आणि झाडांच्या फांद्यांपासून वाटेवरच्या दगडांपर्यंत शेवाळ. नानांना तिथे नेलं माझ्या आतेबहिणीने. ती सिएटलजवळ राहते आणि सुट्टी मिळाली की पाठीला सॅक लावून डोंगरात जाते. दिवाळीत ती सोनगीरला आली आणि नानांचा शेरा तिच्या कानावर गेला. पुढचं सगळं त्यावरून झालं. मी ते जंगल पाहिलेलं नाही हे आधीच सांगतो. मध्ये मध्ये मी तोंड घालणार आहे, तेव्हा वाचकांनी तेवढं ध्यानात ठेवावं.

ताई : मामा, तुम्ही गावभर काय सांगत सुटलात? कळकलेलं जंगल?

नाना : मग खोटं का सांगू? फांदीवर शेवाळ, शेवाळावर नेचे, नेच्यांच्या बुडाशी पुन्हा शेवाळ. तिथे टेलिफोनची एक जुनी खोली उभी आहे, तिच्याही डोक्यावर तेच. साल नावाची वस्तू मला दिसली नाही. आपण झाड कशावरून ओळखतो? सालीवरून. ते झाड आजारी आहे का धडधाकट, तेसुद्धा सालच सांगते.

ताई : ती झाडं धडधाकटच आहेत. शेवाळाला मुळं नसतात. झाडातून ते काही ओढत नाही. अंगावर पडलेलं पाणी, त्या पाण्यातून आणि हवेतल्या धुळीतून येईल तेवढं, यावर त्याचं भागतं. झाड त्याला फक्त बसायला जागा देतं.

नाना : बांडगूळही हेच म्हणत असेल.

ताई : बांडगूळ फांदीत मूळ घुसवतं, मामा. इथे प्रकार उलटा आहे. नलिनी नाडकर्णी म्हणून एक बाई आहेत. वडील भारतातून गेलेले, आई अमेरिकन. झाडांच्या शेंड्यांवर काय चालतं याचा अभ्यास त्या काळी फारसं कुणी करत नव्हतं, सगळे खाली उभं राहून वर बघायचे. या दोर लावून वर चढल्या. तिथल्या मोठ्या पानांच्या मेपल झाडांवरचा शेवाळाचा थर त्यांनी उचकटला, तर आत मुळं. शेवाळाची नव्हेत, झाडाचीच. झाडाने स्वतःच्या फांदीतून मुळं फोडून वरच्या वर त्या थरात घातली होती. १९८१ साली 'सायन्स' या नियतकालिकात त्यांनी हे छापलं. शेवाळात पाला कुजतो, धूळ साठते, माती बनते, आणि झाड जमिनीपासून कितीतरी वर त्या मातीतून खातं. एका मेपलवर शेवाळ आणि त्याच्या सोबतीची झुडपं मिळून जो भार असतो, तो झाडाच्या पानांच्या जवळपास चौपट भरतो असंही त्यांना आढळलं.

नाना : चौपट? आणि फांदी मोडत नाही?

ताई : मोडते कधीकधी. मग खाली तिच्यावर दुसरं काही उगवतं.

नाना : नाडकर्णींची पोर झाडावर चढली हे मला आवडलं. पडली नाही ना?

ताई : पडल्या. २०१५ मध्ये, त्याच ऑलिम्पिकच्या जंगलात, पन्नासेक फुटांवरून. बरंच मोडलं. बऱ्या झाल्या आणि पुन्हा चढायला लागल्या.

नाना यावर काही बोलले नाहीत. पडून पुन्हा चढणाऱ्या माणसाविषयी त्यांना आदर आहे. ताईने ही संधी साधली.

ताई : आणि फांद्यांवरून दाढीसारखं लोंबत होतं ते तुम्ही शेवाळात धरलंत. त्यातलं बरंचसं शेवाळ नव्हतंच. सिलाजिनेला म्हणून कूळ आहे, त्यातलं होतं. आपल्याकडे यात्रेत वैदू संजीवनी विकायला बसतात ना? वाळून गोळा झालेली, पाण्यात टाकली की उघडते, हिरवी होते. तीही त्याच कुळातली.

नाना : हे तिथे का नाही सांगितलंस? मी हात जोडले असते.

ताई : तिथे तुम्ही पाय भिजल्याची तक्रार करत होतात. बरं, फिकट राखी रंगाचं जे होतं ते दगडफुलाचं भाऊबंद. काळ्या मसाल्यात आपण घालतो तेच दगडफूल.

नाना : म्हणजे मसाल्याच्या दुकानातून चाललो होतो मी, आणि तू मला झाडं दाखवत होतीस.

ताई : एक जात तर अशी आहे की हवेतला नत्र धरते. हरभऱ्याच्या मुळांवरच्या गाठी करतात तेच काम ही झाडाच्या माथ्यावर करते. वाऱ्याने खाली पडते, कुजते, जमिनीला खत. तिथे कुणी युरियाची गोणी घेऊन जात नाही.

इथपर्यंत नाना नरमत आले होते. पण तांबट माणूस मूळ धंद्यावर आल्याशिवाय राहत नाही.

नाना : एवढं जर ते चांगलं, तर तुझ्या घराच्या छपरावर तांब्याची पट्टी कशाला?

ताई : (हसत) ती लागलीच हाताला तुमच्या!

नाना : हाताला कशी लागेल, छपरावर होती. पण डोळ्याला लागली. लाकडी कौलांच्या कण्यावर ही एवढी लांब पट्टी, आणि तिच्या खालचं कौल स्वच्छ. शेजारच्या घराला पट्टी नाही, तर त्याचं छप्पर गोधडीसारखं हिरवं. मी जावईबापूंना विचारलं. ते म्हणाले, पाऊस पट्टीवरून वाहतो, तांब्याचा अंश घेऊन खाली उतरतो, शेवाळ धरत नाही. मग मी म्हटलं, ही विद्या आमचीच. मोरचुदाने हौदातलं शेवाळ मारतात, द्राक्षवाले मोरचूद आणि चुना फवारतात. आता मला सांग, स्वतःच्या छपरावर शेवाळ आलं की तुम्ही लोक ते माणूस लावून खरवडता, वर तांबं ठोकता. आणि शनिवारी चार तास गाडी हाकून तेच शेवाळ बघायला जाता. याला काय म्हणायचं?

ताई : छपराचं लाकूड कुजतं म्हणून खरवडतो. जंगलातलं लाकूड कुजण्यासाठीच असतं.

नाना : हे उत्तर तू तयार करून आणलंस.

ताई : अडवणाऱ्याला उत्तर तयार लागतंच. पण मामा, तुम्ही त्या मोठ्या पडलेल्या खोडाशी किती वेळ थांबला होतात ते मी पाह्यलं. त्याच्या पाठीवर एका ओळीत सात-आठ झाडं उभी होती.

नाना : त्याला नर्स काहीतरी म्हणत होते.

ताई : हो. तिथल्या जमिनीवर पाल्याचा आणि शेवाळाचा इतका जाड थर असतो की रोपाला वर यायला जागा मिळत नाही. पडलेल्या खोडाची पाठ उंच, मऊ, ओलसर. बी तिथे रुजतं. स्प्रूस, हेमलॉक, सगळी तिथेच जन्माला येतात, खोडाला मिठी मारून मुळं खाली सोडतात. शे-दोनशे वर्षांनी खोड कुजून संपतं आणि मुळांखाली बोगदा उरतो. म्हणून तिथे झाडं रांगेत दिसतात. कुणी लावलेली नाहीत.

नाना : ते मात्र खरं बघण्यासारखं. बाप गेला, पोरं त्याच्याच खांद्यावर.

ताई : तिथल्या स्प्रूसची उंची नव्वद मीटरच्या जवळपास जाते. आपला किल्ल्याचा डोंगर खालून वर बघताना मान जशी मोडते तशी मोडते.

नाना : आपल्या डोंगराला मान मोडत नाही. उगाच कशाला चढवतेस?

सोनगीरचा किल्ला लहान आहे, हे कबूल करायला हवं. आग्रा रोडवरून जाणाऱ्या गाडीतल्या माणसाला तो उजाड टेकडीसारखा दिसतो आणि चहा संपायच्या आत चढून होतो. पण या वादात त्याने आपलं काम केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ताई वर गेली आणि येताना तळहाताएवढा दगड घेऊन आली. दगडावर काळपट, करपलेल्या भाकरीसारखा खरखरीत थर. पाऊस जाऊन बरेच दिवस झाले होते. तिने दगड ओट्यावर ठेवला आणि तांब्यातलं पाणी वर सोडलं. आम्ही बघत होतो. दोन-चार मिनिटांत तो काळा थर फुगला, बारीक बारीक पानं उलगडली आणि हिरवा झाला.

ताई : हे तुमच्या किल्ल्यावरचं. श्रावणात हिरवं असतं, मग आठ महिने असं पडून राहतं. मेलेलं नसतं. शरीरातलं पाणी गेलं तरी तगतं, पाणी दिसलं की कामाला लागतं. होहमध्ये याला झोपायची वेळ फारशी येत नाही, एवढाच फरक. आपल्या सह्याद्रीत आंबोलीला, महाबळेश्वरला होहपेक्षाही जास्त पाऊस पडतो. पण तो चार महिन्यांत पडून जातो आणि मग कोरडं ऊन. म्हणून आपल्याकडे शेवाळ पावसाळी पाहुणा, तिथे घरचा धनी.

नाना : आणि तरी मी गेलो तेव्हा पाऊस नव्हता. पावसाचं जंगल म्हणून नेलं आणि आकाश कोरडं.

ताई : तिथे पाऊस हिवाळ्यात. ऑक्टोबर ते एप्रिल. उन्हाळ्यात कमी पडतो, पण समुद्रावरून धुकं येतं, ऊन कडक नसतं, म्हणून ओल टिकते. पॅसिफिकवरचं बाष्प घेऊन वारा ऑलिम्पस डोंगरावर चढतो. तो डोंगर जवळपास अडीच हजार मीटरचा. चढताना वारा गार होतो आणि पाणी सोडतो. खाली पाऊस, वर बर्फ.

नाना : हे तू मला गाडीत सांगितलंस तेव्हा मी काय विचारलं होतं?

ताई : विचारलं होतं, डोंगराच्या पाठीमागे काय आहे.

नाना : हां. तठे काय शे?

सगळ्या भांडणाचा जीव इथे आहे असं मला वाटतं, म्हणून नानांना सलग बोलू देतो.

नाना : मी आयुष्यभर आग्रा रोडवर बसलेला माणूस. मुंबईला माल घेऊन किती वेळा गेलो असेन. आषाढात कसाऱ्याचा घाट चढताना ड्रायव्हरला पुढचं दिसत नाही. इगतपुरीला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस. नाशिकला आलं की सातशेच्या आसपास. चांदवडचा घाट उतरलात, मालेगाव आलं, की पाचशेच्या घरात. तिथून धुळे, धुळ्याहून सोनगीर. एकच रस्ता, एकच दिवस, एकच ट्रक. वायपर इगतपुरीला लावला तो ओझरला बंद. ज्याने हे पाहिलंय त्याला हिरवा डोंगर दाखवला की तो पाठ बघायला मागतो. म्हणून मी हट्ट धरला. परत येताना हिने मला सिक्विम नावाच्या गावात नेलं. होहपासून सरळ रेषेत सत्तरेक किलोमीटर. पाऊस किती? चारशे मिलिमीटर. सोनगीरपेक्षा कमी! गवत पिवळं, आकाश मोकळं, माती उडत होती. तिथे मला पहिल्यांदा बरं वाटलं. शेतात लव्हेंडर लावलेलं आणि बाजूने पाट वाहत होता. १८९५-९६ मध्ये लोकांनी डंजनेस नदीचं पाणी पाटाने आणलं आणि पाणी आलं म्हणून १८९६ मध्ये जत्रा भरवली. ती जत्रा अजून भरते. पाटाच्या पाण्याची जत्रा! ही माणसं माझ्या ओळखीची निघाली. आपल्या पांझरेवर तीनशे-चारशे वर्षं फड चालत आले. नदीवर बंधारा, बंधाऱ्यावरून पाट, पाटाखालचं रान फडांत वाटलेलं. एका फडात ऊस ठरला तर सगळ्यांचा ऊस, दुसऱ्यात गहू तर सगळ्यांचा गहू. पाटकरी बारी देईल तेव्हाच पाणी, मग तो पाटील असो की कोणी. का? पाणी कमी म्हणून. जिथे पाणी कमी तिथे माणसाला माणसाशी बोलावं लागतं. तुझ्या होहमध्ये कुणाला कुणाशी बोलायची गरज नाही. डोंगर एकच आहे, बाई. पुढून देतो तेवढं मागून काढून घेतो. आणि तुम्ही सगळे पुढच्या बाजूचा फोटो काढून येता.

ताई काही वेळ गप्प होती. मग तिने जे सांगितलं ते मी तिच्या तोंडून आधी कधी ऐकलं नव्हतं.

ताई : मामा, मी लहानपणी सुट्टीत इथे यायचे तेव्हा टँकर आला की मामी मला हंडा धरून रांगेत उभं करायची. दोन बायकांची भांडणं, एकीचा हंडा उलटला की सगळ्या गल्लीचा आरडाओरडा. पाणी म्हटलं की मला अजून आधी हिशोब आठवतो. बादलीत किती, पिंपात किती, उद्याला किती. नळ चालू ठेवून कुणी दात घासले की माझ्या पोटात गोळा येतो, अजून. पहिल्यांदा होहला गेले तो नोव्हेंबर होता. वाटेवर कुणी नव्हतं. वरून गळत होतं, खालून वाहत होतं, अंगावरचं जॅकेट कधीच हरलं होतं. आणि माझ्या लक्षात आलं, माझ्या हातात भांडं नाही. इतकं पाणी, आणि मला ते भरायचं नाही, वाचवायचं नाही, कुणाशी वाटून घ्यायचं नाही. मी तिथे जाते ती यासाठी. तुम्ही मला तिथेही हंडा घेऊन जायला सांगता आहात.

नाना : मी कुठे हंडा म्हटलं?

ताई : नाही कसं? नदीकाठी उभं राहून तुमचं पहिलं वाक्य काय होतं?

नाना : (थोडं थांबून) एवढं पाणी समुद्रात वाया चाललंय.

ताई : तेच.

नाना : ते दिसतच होतं. हिमनदीचं दुधट पाणी, धो धो. उगमापासून शंभर किलोमीटरच्या आत समुद्र. मध्ये कुणी घागर बुडवत नाही. आमच्याकडे नार-पारचं पाणी पश्चिमेला जातं ते वळवून गिरणेत आणा, म्हणून किती वर्षं लोक मागताहेत. माझ्या तोंडून 'वाया' निघणार नाही तर काय निघणार?

ताई : गिरणेचं मागणं चूक म्हणत नाही मी. पण 'वाया' चूक. त्या नदीतून सामन मासे समुद्रातून उलटे वर चढतात, अंडी घालतात आणि मरतात. अस्वलं, गरुड, कोल्हे ते मासे काठावर ओढून नेतात. समुद्रातलं खत असं झाडांच्या मुळाशी पोचतं. पूर येतो तेव्हा नदी काठ खाते, झाडं वाहून आणते, त्या ओंडक्यांच्या आडोशाला मासे राहतात. तुम्ही ज्याला वाया म्हणता त्यावरच ते जंगल उभं आहे. तिथल्या नदीला बांध घातला असता तर पलीकडे आणखी चार लव्हेंडरची शेतं झाली असती आणि अलीकडे तुम्हाला नावं ठेवायला शेवाळ राहिलं नसतं.

माझं मत विचाराल तर इथे ताईची सरशी झाली. नानांचा डोंगर एकच असण्याचा मुद्दा मला पटतो. पाठीमागच्या माणसांनी पुढची बाजू एकदा बघावी आणि पुढच्यांनी पाठ बघावी, हेही पटतं. पण आपण पर्जन्यछायेतली माणसं समुद्राला मिळणाऱ्या प्रत्येक थेंबाकडे उधारी बुडाल्यासारखं बघतो. आंबोलीचं, भीमाशंकरचं रान ज्या पाण्यावर जगतं ते आपल्याला गळती वाटतं. त्या रानात दोन दिवस पायी फिरलेला माणूस नार-पारचं पाणी मागणं सोडणार नाही, सोडूही नये. फक्त 'वाया' म्हणताना त्याची जीभ जरा अडखळेल.

नाना मात्र हार मानून उठणाऱ्यातले नाहीत. त्यांनी दुसरीकडून वाट काढली.

नाना : बरं, ते जंगल राखलं कुणी? सरकारने. माणसं बाहेर काढून.

ताई : आधी तिथल्या एल्कसाठी राखलं. सांबरासारखं, पण त्याहून मोठं हरीण. दातांसाठी त्याची शिकार व्हायची. लोक ते दात घड्याळाच्या साखळीला लावून मिरवायचे. थिओडोर रूझवेल्टने १९०९ मध्ये तो भाग संरक्षित केला. मग पहिल्या महायुद्धात विमानांसाठी स्प्रूसचं लाकूड हवं होतं, तेव्हा सैनिक लावून त्या मुलखात झाडं तोडली. १९३८ मध्ये दुसऱ्या रूझवेल्टने राष्ट्रीय उद्यान केलं. लाकूडवाल्यांचा विरोध होताच. आणि एल्क तिथे झुडपं चरतात म्हणून आतली जमीन मोकळी, फिरण्यासारखी राहते. चराईबंदी नाही तिथे.

नाना : एल्कला नाही. माणसाला?

ताई : होह लोकांची वस्ती नदीच्या मुखाशी आहे. १८९३ पासूनची त्यांची राखीव जमीन, चारशे एकरांच्या वर थोडी. ती पुरात आणि समुद्राच्या लाटांत सापडते. २०१० मध्ये अमेरिकेच्या संसदेने कायदा करून उद्यानाची सदतीस एकर उंचावरची जमीन त्यांना दिली, गाव वर हलवायला.

नाना : नदीला नाव त्यांचं, सदतीस एकरांना कायदा लागला. बघ. मी साक्री तालुक्यातलं बारीपाडा पाहिलंय. गावकऱ्यांनी मिळून अकराशे एकर जंगल राखलं, कुऱ्हाडबंदी केली, चराईबंदी केली, मोडेल त्याला दंड. चैत्राम पवारांना त्यासाठी २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली. तिथे दरवर्षी वनभाज्यांची स्पर्धा होते. बाया रानातल्या भाज्या रांधून आणतात, परीक्षक चव घेतात. त्या रानात फिरताना सोबतचा माणूस सांगतो, हे पान पोटदुखीला, हा कंद आषाढात. तुझ्या रानात सोबतच्या पाटीने काय सांगितलं? वाट सोडू नका. काही तोडू नका.

ताई : शेवाळावर पाय पडला तर भरून यायला वर्षानुवर्षं लागतात, म्हणून. फुलवाल्यांना सजावटीला शेवाळ लागतं, तर तिथल्या जंगलांतून ते पोत्यांनी ओरबाडून नेतात. त्याच नाडकर्णीबाईंनी मग तुरुंगातल्या कैद्यांना शेवाळ वाढवायला शिकवलं, बाजाराला जंगलाऐवजी ते देता येईल का हे बघायला.

नाना : हे बारीपाड्याच्या जवळ आलं थोडं.

ताई : आणि 'काही तोडू नका' मला आवडतं, मामा. सगळीकडे आपल्या उपयोगाचं काय ते शोधत हिंडायचं नसतं. होहच्या नदीकाठच्या वाटेवर पाच-सहा किलोमीटर आत गेलं की एका ओंडक्यावर लहानसा लाल दगड ठेवलेला असे. गॉर्डन हेम्प्टन नावाच्या ध्वनिमुद्रकाने २००५ मध्ये ठेवला. त्याचं म्हणणं, एवढ्या एका चौरस इंचावर माणसाचा आवाज पडू द्यायचा नाही. तेवढं पाळलं तर भोवतालचे कित्येक मैल आपोआप शांत राहतील.

नाना : राहिले?

ताई : नौदलाची विमानं जातात वरून.

नाना : म्हणजे नाही राहिले. माझ्यापुरतं म्हणशील तर पन्नास वर्षं मठारकामाचे ठोके ऐकले. एका कानाने मी तसाही शांत जंगलातच आहे.

ताई : पण तुम्ही त्या शेवाळाच्या वाटेवर बोलणं थांबवलं होतंत. सव्वा किलोमीटरच्या फेऱ्यात एक शब्द नाही.

नाना : घसरत होतो म्हणून. बोलताना तोल जातो.

यानंतर गोष्ट पुढच्या खेपेवर आली. ताईने व्यवहाराचं सांगितलं, जाणाऱ्यांच्या उपयोगी पडेल म्हणून टिपून ठेवतो. जुलै-ऑगस्टमध्ये सकाळी लवकर पोचावं, नाहीतर गाडी लावायची जागा भरते आणि फाटकाशी तासन्‌तास खोळंबा होतो. सुती कपडे घालू नयेत. भिजले की वाळत नाहीत आणि थंडी भरते. नानांनी सुती सदरा घातला होता, तो संध्याकाळपर्यंत अंगाला चिकटून होता. म्हाताऱ्यांनी दोन छोटे फेरे करावेत. चालणाऱ्यांनी नदीकाठची वाट धरावी. सुरुवातीचे वीसेक किलोमीटर ती जवळपास सपाट आहे, खरा चढ हिमनदीजवळ लागतो. मुक्काम करायचा तर परवाना लागतो आणि खाणं अस्वलाला उघडता येणार नाही अशा डब्यात ठेवावं लागतं. त्या डब्याची घडण नानांनी बारकाईने विचारून घेतली. प्लॅस्टिकचा असतो हे ऐकून त्यांचा रस संपला.

ताई : पुढच्या वर्षी जूनमध्ये या. दिवस मोठा असतो.

नाना : जूनमध्ये पाऊस नसतो म्हणालीस. मला पडताना बघायचाय. डिसेंबरला येतो.

ताई : डिसेंबरला रस्ता जातो, मामा. २०२४ च्या डिसेंबरात नदीने होहचा रस्ताच कापून नेला, मे महिन्यापर्यंत बंद होता.

नाना : मग तो खरा पाऊस. रस्ता सुरू होईपर्यंत मी सिक्विमला थांबेन. पाटावर कामही मिळेल एखादं.

ताई : तुम्हाला व्हिसा कामाचा नाही, फिरायचा मिळतो.

नाना : त्यापेक्षा तूच ये आषाढात. इगतपुरीला उतर, तिथून सोनगीरपर्यंत थांबत थांबत येऊ. मी ओझरला वायपर बंद होतो ती जागा दाखवतो.

ताई : आषाढात मला सुट्टी मिळत नाही.

नाना : मग श्रावणात ये. पण येताना त्या पट्टीचा भाव विचारून ये. फुटाला किती पडते ते.